सही खरी, एवढीच साक्ष

बारामतीच्या नगरपरिषदेने दिलेला जन्मदाखला दुबईतल्या कार्यालयात टेबलावर येतो, तेव्हा पलीकडे बसलेल्या कर्मचाऱ्याची अडचण खरी असते. दाखल्यावर निबंधकाची सही आहे आणि गोल शिक्काही आहे. पण बारामतीचा जन्म-मृत्यू निबंधक कोण, त्याची सही कशी असते, तिथल्या शिक्क्यावर कोणती अक्षरे असतात, हे त्याला माहीत असण्याचे काही कारण नाही. शिक्का तर कोणीही तयार करून घेऊ शकतो. दाखला शंभर टक्के अस्सल असला, तरी तो अस्सल आहे हे ओळखण्याचे साधन त्या कर्मचाऱ्याजवळ नसते. परदेशी वापरायच्या कागदांसाठी मंत्रालय, दिल्ली आणि वकिलात अशा ज्या खेपा घालाव्या लागतात, त्या सगळ्या या एकाच अडचणीतून निघाल्या आहेत.

त्यावरचा उपाय आपल्या ओळखीचाच आहे. परगावचे स्थळ आले की आपण आपल्या माहितीतल्या माणसाला विचारतो, तो त्याच्या माहितीतल्याला विचारतो, आणि अशा ओळखींच्या साखळीतून आपण त्या घरापर्यंत पोचतो. कागदपत्रांचे साक्षांकनही असेच चालते. बारामतीच्या निबंधकाची सही मुंबईत मंत्रालयातल्या संबंधित विभागाला ओळखता येते. त्या विभागातल्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना परराष्ट्र मंत्रालयाकडे असतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांचे नमुने भारतातल्या अमिरातीच्या दूतावासाकडे असतात, आणि दूतावासाची सही अमिरातीच्या स्वतःच्या परराष्ट्र मंत्रालयाला माहीत असते. दुबईतला कर्मचारी शेवटी आपल्याच सरकारचा शिक्का पाहतो आणि दाखला स्वीकारतो. बारामतीशी त्याचा थेट संबंध कुठेही येत नाही.

या साखळीत वकिलातीचे स्थान सर्वांत मोलाचे आहे. तिच्या आधीचे सगळे शिक्के एका देशाचे आणि नंतरचे दुसऱ्या देशाचे. दोन्हीकडच्या यंत्रणा एकमेकींना अधिकृतपणे ओळखतात ती जागा हीच. कॉन्सुलेट म्हटले की आपल्याला व्हिसाची रांग आठवते, पण वाणिज्य दूतांचे काम त्याहून बरेच मोठे आहे. वाणिज्य दूतसंबंधांविषयीच्या 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या पाचव्या कलमात त्यांच्या कामांची यादी आहे. नोटरीचे आणि जन्म-विवाहांच्या नोंदणीचे काम करणे त्यात स्पष्टपणे दिले आहे. अट एवढीच, की ज्या देशात ते काम करतात तिथल्या कायद्याने त्याला मनाई नसावी.

साखळी लांबली की खर्च वाढतो, दिवस वाढतात, आणि एखादी कडी निसटली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात माणसे, व्यापार आणि विवाह देशांच्या सीमा सर्रास ओलांडू लागले, तशी ही पद्धत सर्वांनाच जाचू लागली. 5 ऑक्टोबर 1961 रोजी हेग शहरात एक करार झाला. त्यात अवघी पंधरा कलमे आहेत, आणि सर्वसामान्य माणसाचा इतका त्रास वाचवणारे आंतरराष्ट्रीय करार फार थोडे असतील असे मला वाटते. करार असा, की प्रत्येक सदस्य देशाने आपला एक किंवा अनेक सक्षम अधिकारी नेमावेत, त्यांनी कागदावर ठरावीक नमुन्याचे एकच प्रमाणपत्र जोडावे, आणि दुसऱ्या सदस्य देशाने वकिलातीच्या शिक्क्याविना तेवढ्यावर तो कागद स्वीकारावा. या प्रमाणपत्राला ॲपोस्टिल म्हणतात. त्याचा आकारही करारातच ठरलेला आहे: किमान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौरस, वर फ्रेंच भाषेतले शीर्षक आणि खाली क्रमांक घातलेल्या दहा नोंदी. कागद कोणत्या देशाचा, सही कोणाची, ती कोणत्या अधिकाराने केली, शिक्का कोणाचा, प्रमाणपत्र कुठे, कधी, कोणी आणि कोणत्या क्रमांकाने दिले, हे त्यात येते. प्रत्येक ॲपोस्टिलची नोंद ठेवणे सक्षम अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि कोणत्याही संबंधित व्यक्तीने विचारले तर प्रमाणपत्रातला तपशील नोंदवहीशी जुळतो की नाही हे त्याने सांगायचे असते. बनावट स्टिकर ओळखण्याची खरी सोय ही नोंदवहीच आहे.

भारत या करारात 2004 मध्ये सामील झाला आणि 14 जुलै 2005 पासून तो आपल्यासाठी लागू झाला. आपल्याकडचा सक्षम अधिकारी म्हणजे परराष्ट्र मंत्रालय. त्यासाठी बरीच वर्षे दिल्लीत, टिळक मार्गावरच्या पतियाळा हाउसच्या आवारातल्या कार्यालयाशीच संबंध यायचा. 2012 पासून मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, ते नेमलेल्या एजन्सींमार्फत घेतले जातात. 2019 च्या सुरुवातीपासून हे काम देशातल्या पंधरा शहरांत विभागले गेले आणि त्यांत मुंबई व पणजी दोन्ही आहेत. ॲपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला पन्नास रुपये आहे, त्यावर एजन्सीचा ठरलेला सेवाआकार. हा आकडा मुद्दाम सांगतो आहे. खासगी दलाल एका पदवीपत्रामागे हजारोंची रक्कम सांगतात, तेव्हा त्यातला सरकारी वाटा किती आणि धावपळीची मजुरी किती हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. धावपळ करून देणाऱ्याने मजुरी घेण्यात गैर काही नाही, पण तिचा आकडा आधी कळायला हवा.

म्हणून कोणताही कागद हाती घेण्याआधी पहिला प्रश्न हा: तो कोणत्या देशात वापरायचा आहे? मराठी घरांतून बरेच कागद आखातात जातात, आणि तिथे हा प्रश्न फारच महत्त्वाचा ठरतो, कारण आखाती सहकार्य परिषदेतले सहा देश तीन-तीन असे विभागले गेले आहेत. ओमानमध्ये 2012 पासून, बहरीनमध्ये 2013 च्या अखेरीपासून आणि सौदी अरेबियात डिसेंबर 2022 पासून हेग करार लागू आहे. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवैत यांनी तो स्वीकारलेला नाही. मस्कतला नोकरी लागलेल्या अभियंत्याचे काम ॲपोस्टिलवर भागते, पण त्याच्याच वर्गमित्राला अबू धाबीसाठी वकिलातीची जुनी साखळी पुरी करावी लागते. मित्राने केले तेच आपणही करावे, या भरवशावर इथे पैसे वाया जातात. कॅनडाचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. तिथे करार 11 जानेवारी 2024 पासून लागू झाला, त्यामुळे 2023 मध्ये टोरांटोला गेलेल्या भावाचा अनुभव 2025 मध्ये निघालेल्या बहिणीच्या कामाचा नाही.

एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. दोन्ही देश करारात असतील तर ॲपोस्टिल झाल्यावर पुन्हा वकिलातीचा शिक्का घेण्याची गरज उरत नाही. इतकेच नव्हे, तर करार जिथे सूट देतो तिथे आपल्या वकिलातींनी असे साक्षांकन करू नये यासाठी सदस्य देशांनी पावले उचलावीत, असे कराराचे नववे कलम सांगते. जास्त शिक्के म्हणजे जास्त भक्कम कागद ही आपली समजूत खर्चाची आहे. कागद जिथे द्यायचा आहे त्या विद्यापीठाला, कंपनीला किंवा न्यायालयाला एक पत्र लिहून नेमके काय हवे ते लेखी विचारून घेणे हे या सगळ्या प्रवासातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम आहे.

जर्मनीची गोष्ट वेगळी आहे आणि ती समजून घ्यावी अशी आहे. भारत आणि जर्मनी दोघेही हेग कराराचे सदस्य आहेत, पण भारताच्या प्रवेशावर जर्मनीने आक्षेप नोंदवला, म्हणून या दोन देशांमध्ये तो करार लागू झाला नाही. भारतीय कागदांवर साक्षांकनाचा शिक्का देणेही जर्मन वकिलातींनी बंद केले. तिथल्या एखाद्या कार्यालयाला आपल्या जन्मदाखल्याबद्दल किंवा विवाहाच्या नोंदीबद्दल खात्री हवी असेल, तर ते जर्मन दूतावासाला विचारते, आणि दूतावास आपल्या विश्वासातल्या वकिलामार्फत प्रत्यक्ष नोंदींची चौकशी करून घेतो. विद्यार्थ्यांसाठी 1 नोव्हेंबर 2022 पासून एपीएस या केंद्राचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. हे केंद्र गुणपत्रिका आणि पदव्या तपासते. पुण्या-मुंबईतून जर्मनीला निघालेल्या मुलामुलींना या प्रमाणपत्राची किती काळजी असते हे त्यांच्या घरच्यांना चांगले माहीत आहे. जर्मनीने सहीपाशी न थांबता मजकुरालाच हात घातला आहे. आपल्याला ते अवघड जाते, पण त्यामुळे बाकीच्या सगळ्या शिक्क्यांची मर्यादा लख्ख दिसते.

ती मर्यादा अशी. ॲपोस्टिल असो की वकिलातीचा शिक्का, तो तीनच गोष्टी सांगतो: सही खरी आहे, सही करणाऱ्याला तो अधिकार होता, आणि शिक्का त्याच कार्यालयाचा आहे. कागदात जे लिहिले आहे ते खरे आहे, असे तो कधीही म्हणत नाही. हा फरक नोटरी केलेल्या प्रतीच्या बाबतीत सर्वांत जास्त जाणवतो. समजा, पदवीपत्राची झेरॉक्स काढली, नोटरीने तिच्यावर सही केली, आणि त्या सहीच्या आधारे पुढचे शिक्के मिळाले. कागदावर आता भारत सरकारचे प्रमाणपत्र दिमाखाने चिकटलेले दिसते, पण त्याने दिलेली साक्ष त्या नोटरीच्या सहीपुरती आहे. विद्यापीठाशी त्याचा काही संबंध आलेलाच नाही. बोगस पदव्या विकणाऱ्यांनी जगभर याच फटीचा फायदा घेतला आहे. म्हणून पदवीपत्रासाठी मूळ कागदावर, विद्यापीठाच्या पडताळणीपासून सुरू होणारी साखळी मागितली जाते, आणि ती मागणी रास्त आहे.

महाराष्ट्रात या साखळीची पहिली कडी कागदाच्या प्रकारावर ठरते. पदवीचा कागद आधी विद्यापीठाकडे पडताळणीला जातो, दहावी-बारावीचा राज्य मंडळाच्या विभागीय कार्यालयाकडे, आणि मग शिक्षण विभागाची सही होते. लोक याला एचआरडी अटेस्टेशन म्हणतात. जन्म, विवाह, प्रतिज्ञापत्र असे वैयक्तिक कागद गृह विभागाकडे जातात. व्यापारी कागदांना चेंबर ऑफ कॉमर्स लागते. राज्याऐवजी दिल्लीतल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या सहीचा जवळचा रस्ताही दलाल सुचवतात. परराष्ट्र मंत्रालयापर्यंत तो पोचतो, पण शैक्षणिक कागदांसाठी तो काही देशांना चालत नाही. त्यामुळे आधी विचारून घेणे भाग आहे. परराष्ट्र मंत्रालयाने 2017 मध्ये ई-सनद ही ऑनलाइन सोय सुरू केली. जिथे कागद देणारी संस्था तिच्याशी जोडलेली आहे, तिथे पडताळणीचा बराचसा भाग घरबसल्या होतो. तालुक्याच्या गावातून मुंबईला खेटे घालणाऱ्या माणसासाठी ही सोय सर्व विद्यापीठांनी आणि मंडळांनी मनावर घेऊन जोडून द्यायला हवी.

आपल्याकडे प्रमाणपत्र हाती आले की लगेच लॅमिनेट करून घेतात. मायेने केलेली ही गोष्ट पुढे नडते. प्लास्टिकवर शाईचा शिक्का उमटत नाही आणि कागदाच्या पाठीवर स्टिकर लावता येत नाही. प्लास्टिक सोलताना अक्षरे निघून येतात, आणि मग मंडळाकडून दुय्यम प्रत काढावी लागते. घरात शाळेत जाणारी मुले असतील तर त्यांचे कागद साध्या फोल्डरमध्येच राहू द्यावेत.

त्याहून गुंतागुंतीचा प्रश्न नावांचा आहे, आणि तो मराठी स्त्रियांच्या वाट्याला जास्त येतो. आपल्या पद्धतीत मधले नाव वडिलांचे आणि लग्नानंतर नवऱ्याचे. आडनावही बदलते आणि काही घरांत पाळण्यातले नावसुद्धा. परिणामी दहावीची गुणपत्रिका एका नावाची, पदवी त्याच नावाची, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव तिसऱ्याच रूपात. आपल्या तलाठी कार्यालयात किंवा शाळेत हे सगळ्यांना कळते, कोणी त्यावर थांबत नाही. मधल्या नावाची ही पद्धतच ज्या देशात नाही, तिथला अधिकारी मात्र या तीन वेगळ्या बायका समजतो. तेव्हा विवाहाचे प्रमाणपत्र हा दोन नावांना जोडणारा कागद ठरतो, आणि त्यालाही पदवीइतकेच साक्षांकन लागते. पाळण्यातले नाव बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद काढून ठेवावी लागते. इंग्रजी स्पेलिंगमधला एखाद्या अक्षराचा फरकही आधी दुरुस्त करावा, कारण चुकीच्या नावाच्या दाखल्यावर चार अस्सल शिक्के बसले तरी नाव चुकलेलेच राहते. जुन्या हस्तलिखित दाखल्यांऐवजी नवी प्रत काढून घेणेही याच कारणासाठी बरे.

भाषांतराचेही असेच आहे. मूळ मराठी दाखल्यावरचा शिक्का त्याच्या इंग्रजी किंवा अरबी भाषांतराला आपोआप लागू होत नाही. भाषांतरकाराची सही ही नवी सही आहे, तिला वेगळी ओळख लागते. अमिरातीत तिथल्या न्याय मंत्रालयाने परवाना दिलेल्या भाषांतरकाराचाच अरबी मजकूर चालतो, म्हणून इथे आधीच पैसे देऊन करून घेतलेले अरबी भाषांतर तिथे बहुधा पुन्हा करावे लागते.

गोव्यात या विषयाला इतिहासाची जोड आहे. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात, दमणमध्ये किंवा दीवमध्ये जन्मलेल्या माणसांना आपला जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणीत उतरवून घेण्याचा मार्ग पोर्तुगालच्या नागरिकत्व कायद्याने खुला ठेवला आहे. त्यासाठी गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज नोंदवह्यांमधल्या हस्तलिखित नोंदींचे उतारे लागतात. भारत आणि पोर्तुगाल दोघेही हेग कराराचे सदस्य आहेत, त्यामुळे हे उतारे ॲपोस्टिलच्या वाटेने जातात. पण इथेही सारा पेच नावांचाच: पोर्तुगीज लिपिकाने ऐकून लिहिलेले आजोबांचे नाव, आजच्या पासपोर्टवरचे इंग्रजी नाव, आणि बाप्तिस्म्याच्या किंवा विवाहाच्या नोंदीतले तिसरे रूप. कितीतरी कुटुंबांची खरी मेहनत शिक्क्यांपेक्षा ही नावे एका माणसाची आहेत हे दाखवण्यात जाते.

आतापर्यंत आपले कागद बाहेर जाताना पाहिले. उलट दिशेने येणारा एक कागद मात्र महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कुटुंबाशी संबंधित आहे, आणि त्याबद्दल सावकाश बोलायला हवे. तो म्हणजे परदेशात राहणाऱ्या मुलाने किंवा मुलीने इथल्या माणसाच्या नावे केलेले कुलमुखत्यारपत्र. कोथरूडचा फ्लॅट विकायचा आहे आणि मालक न्यू जर्सीत आहे. साताऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीत बहिणीचे हक्कसोडपत्र करायचे आहे आणि बहीण सिडनीत आहे. दर वेळी विमानाने येणे जमत नाही, म्हणून इथल्या भावाला किंवा आईला सहीचा अधिकार दिला जातो.

इथे आपली वकिलात स्वतःच नोटरी बनते. भारताच्या राजनैतिक व वाणिज्य दूत अधिकाऱ्यांविषयीचा 1948 चा कायदा त्यांना शपथ देण्याचा, प्रतिज्ञापत्र घेण्याचा आणि इथला नोटरी करतो ते प्रत्येक काम परदेशात करण्याचा अधिकार देतो. त्यांची सही आणि शिक्का वेगळ्या पुराव्याशिवाय न्यायालयात ग्राह्य धरला जातो. नोंदणी कायदा, 1908 याचे कलम 33 सांगते, की भारताबाहेर राहणाऱ्याचे मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वाणिज्य दूत यांच्यासमोर सही होऊन त्यांनी प्रमाणित केलेले असावे. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 याच्या कलम 84 नुसार असे मुखत्यारपत्र रीतसर झाले असे न्यायालय गृहीत धरते. पूर्वीच्या 1872 च्या पुरावा कायद्यात हीच तरतूद कलम 85 मध्ये होती.

कलम 33 मध्ये नोटरी हा शब्द आहे, मग अमेरिकेतल्या कोपऱ्यावरच्या नोटरीची सही का पुरत नाही? कारण तीच जुनी अडचण. हवेलीच्या दुय्यम निबंधकाला न्यू जर्सीच्या नोटरीची ओळख कुठून असणार? म्हणून दोन मार्ग वापरले जातात. एक, भारतीय वाणिज्य दूतावासाकडून साक्षांकन. दोन, तिथल्या नोटरीसमोर सही करून त्या राज्याच्या सक्षम अधिकाऱ्याचे ॲपोस्टिल. न्यूयॉर्क राज्यात त्याआधी काउंटी क्लार्ककडून नोटरीची सही प्रमाणित करून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये ॲपोस्टिल परराष्ट्र खात्याचे लीगलायझेशन कार्यालय देते. दुबईत किंवा दोह्यात राहणाऱ्यांना ॲपोस्टिलचा मार्ग नाही, त्यांनी भारतीय वकिलातीतच जावे. वकिलातीत झालेल्या कागदाला वेगळे ॲपोस्टिल लागत नाही. दूतावासांनी केलेले दस्तऐवज हेग कराराच्या पहिल्याच कलमाने त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत, आणि आपल्या अधिकाऱ्याची सही आपल्या देशात परकी नाहीच.

सहीच्या वेळचे नियम साधे आहेत पण त्यांत सूट नाही. मसुदा इथल्या वकिलाकडून करून घ्यावा, कारण मिळकतीचे वर्णन इथल्या दस्तांशी अक्षरशः जुळावे लागते: सर्व्हे नंबर, सदनिकेचा क्रमांक, क्षेत्रफळ, सोसायटीचे नाव. कागद घरी सही करून नेऊ नये, सही अधिकाऱ्यासमोरच करायची असते. पासपोर्ट, फोटो आणि साक्षीदार यांबाबत प्रत्येक वकिलातीच्या सूचना थोड्या वेगळ्या असतात, त्या आधी वाचाव्यात. आणि मजकूर मोजका ठेवावा. ‘माझ्या सर्व मिळकतींबाबत सर्व अधिकार’ असे एका ओळीत लिहून देणारी मुखत्यारपत्रे मला फार धोक्याची वाटतात. एका फ्लॅटच्या विक्रीसाठी त्याच फ्लॅटपुरता अधिकार द्यावा, पैसे कोणत्या खात्यात जमा व्हावेत ते नमूद करावे, मुदत घालावी. वकिलातीच्या शिक्क्याजवळ बहुधा असे वाक्य असते, की मजकुराची जबाबदारी आमच्यावर नाही. वाचताना ते कोरडे वाटते, पण ते शब्दशः खरे आहे. अधिकारी सही पाहतो. आपण घर देतो आहोत की घराच्या चाव्या, हे पाहणे त्याचे काम नव्हे.

मूळ कागद भारतात आला, की एक घड्याळ सुरू होते आणि अनेकांचे नुकसान इथेच होते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 18 प्रमाणे राज्याबाहेर सही झालेल्या दस्तावर, तो राज्यात पहिल्यांदा आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरता येते. त्यासाठी तो मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी न्यायचा, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घेऊन भरायचे. कागद कोणत्या तारखेला आला याचा पुरावा म्हणजे कुरिअरचे पाकीट. ते फाडून फेकू नये, मुखत्यारपत्राबरोबरच जपून ठेवावे. शुल्काचे गणितही नात्यावर अवलंबून आहे. मोबदला न घेता आईवडील, भावंडे, नवरा-बायको, मुले, नातवंडे अशा जवळच्या नातेवाइकाला मिळकत विकण्याचा अधिकार दिला, तर शुल्क पाचशे रुपये. तोच अधिकार परक्या माणसाला दिला, तर मिळकतीच्या बाजारमूल्यावर खरेदीखताइतके शुल्क लागते, आणि पुण्या-मुंबईत ती रक्कम लाखांत जाते. शेजारी कितीही विश्वासाचा असला तरी मुखत्यार म्हणून नातेवाईक का निवडावा, याचे एक ठोस कारण हे आहे.

परक्याला मुखत्यार करून घर ‘विकण्याची’ जी पद्धत देशभर रुजली होती, तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात ऑक्टोबर 2011 मध्ये निर्णय दिला: मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. परदेशातला मालक आपल्या भावाला किंवा मुलाला व्यवहारासाठी अधिकार देतो, त्या प्रामाणिक मुखत्यारपत्रांना या निर्णयाने धक्का लावलेला नाही, आणि न्यायालयाने ते स्पष्ट म्हटले आहे.

दिलेला अधिकार परतही घेता येतो. त्यासाठी रद्द केल्याचा लेख तितक्याच रीतसर, वकिलातीत किंवा ॲपोस्टिलसह करावा, मुखत्याराला नोटीस द्यावी, आणि बँक, सोसायटी व दुय्यम निबंधक यांना लेखी कळवावे. नुसत्या फोनवर सांगितले तर पुढच्या माणसाला ते कळत नाही. आणि अधिकार देणारी व्यक्ती वारली तर मुखत्यारपत्र करार कायद्याच्या कलम 201 नुसार तिथेच संपते, मग त्यावर कितीही शिक्के असोत. अमेरिकेतल्या काकांनी 2019 मध्ये दिलेले मुखत्यारपत्र कपाटात आहे, काका 2022 मध्ये गेले, आणि पुतण्या त्याच कागदावर जमिनीचा व्यवहार करायला निघाला, तर तो व्यवहार टिकणार नाही. आधी वारसांची नावे लावून घ्यावी लागतील, आणि ते वारस तीन देशांत विखुरलेले असले तर प्रत्येकाला आपापल्या देशातून नवे मुखत्यारपत्र करून पाठवावे लागेल. त्यांतल्या प्रत्येक कागदासाठी तीन महिन्यांची मुदत वेगळी मोजली जाते.